खारूच्या चाचणीला नाना

माझ्या मुलीला काहीही झालेलं नाही असं शाळेने सांगितलं, त्या दिवशी मी घरी येऊन पातेल्यावरचं झाकण असं आदळलं की शेजारीण डोकावून गेली. लोकांची मुलं नापास होतात आणि ते कपाळाला हात लावतात. माझी पास झाली आणि मी लावला.

मुलगी आठ वर्षांची आहे. तिला आम्ही खारू म्हणतो, कारण तिच्या दातांना सतत काहीतरी कुरतडायला लागतं. पेन्सिल म्हणू नका, फ्रॉकचा पट्टा म्हणू नका. तर या खारूला वाचता येत नाही. कंटाळा करते, टाळते, असं नाही. येत नाही. बसवरची पाटी, शांपूची बाटली, फळ्यावरची तारीख, तिला सगळं सारखंच. आम्ही काही हातावर हात धरून बसलो नव्हतो. वाळूत अक्षरं गिरवून झाली, पिठात गिरवून झाली, माझ्या कामावरचं मेण घरी आणून त्याची अक्षरं वळून झाली. रात्री ओळखलेलं अक्षर सकाळी परकं. आणि हीच पोर एकदा ऐकलेलं विसरत नाही. मागे कोण काय बोललं, कोणत्या सुरात बोललं, ते माझ्या तोंडावर जसंच्या तसं फेकते. भांडणात तर तिच्यापुढे माझा टिकाव लागत नाही.

शाळेने तोवर सरळ सांगून टाकलं होतं. यंदा वाचन सुधारलं नाही तर खारूला पुन्हा त्याच वर्गात बसवणार. तिची एकुलती एक मैत्रीण पुढे जाणार आणि ही मागच्या बाकावर लहान मुलांत राहणार. वर्गशिक्षक म्हणजे सर, माणूस वाईट नाही, पण त्यांच्या मते ही 'लक्ष नसलेली' मुलगी. शाळेतच जिन्याशेजारच्या खोलीत एक विशेष शिक्षिका बसतात. त्यांच्याकडे रोज एक तास, परीक्षेत प्रश्न कोणीतरी वाचून दाखवायचे आणि उत्तरं तोंडी घ्यायची, एवढंच आम्हाला हवं होतं. पण ते मागून मिळत नाही. बाहेरून चाचणी घेणाऱ्या बाई येतात, त्या मुलाला तपासतात आणि 'हिला गरज आहे' असं म्हणतात, तेव्हाच मिळतं.

बाई आल्या, त्यांनी तपासलं आणि म्हणाल्या, गरज नाही. वाचन वयाला साजेसं आहे. लिहिताना गडबडते, तेवढी घरी तयारी करून घ्या.

वयाला साजेसं! मी मुख्याध्यापिकांच्या समोर आ वासून बसले होते.

घरात आम्ही चौघं, पण बहुतेक वेळा तिघंच. खारूचा बाबा नाटकांच्या प्रकाशाची कामं करतो आणि दौऱ्यावर असतो. त्याला फोन करावा तर मागे कोणीतरी शिडीवरून ओरडत असतं. मी दातांच्या लॅबमध्ये कवळ्या बनवते. आणि नाना, म्हणजे माझे सासरे. नानांनी सगळा जन्म नाटकात काढला, पण त्यांचा चेहरा एकाही प्रेक्षकाने पाहिला नसेल. ते प्रॉम्प्टर होते. विंगेत संहिता घेऊन उभं राहायचं आणि नट अडला की शब्द द्यायचा. नानांचं म्हणणं, पहिल्या रांगेतल्याला ऐकू गेलं तर तो प्रॉम्प्टर कसला. ते आवाज काढतच नसत. नुसते ओठ आणि थोडा श्वास. त्यांच्या कंपनीतले नट म्हणे बोलता बोलता एक डोळा विंगेकडे ठेवत आणि नानांच्या ओठांवरून वाक्य उचलत. खारू तान्ही होती तेव्हापासून मी कामावर आणि ती नानांच्या मांडीवर.

चाचणीच्या दिवशी खारूने त्या खोलीत एकटीने जायला साफ नकार दिला होता. दाराची चौकट धरून उभी राहिली. बाई भल्या होत्या. म्हणाल्या, आजोबांना येऊ दे, ते माझ्या मागच्या खुर्चीत बसतील, तिला दिसत राहतील. मी बाहेर बाकावर बसले आणि नानांना मनातल्या मनात दुवा दिला. पुढे तो दुवा मला परत घ्यावासा वाटला, ते येईलच.

एवढं सगळं घडल्यावर माझ्या लॅबमधल्या, कवळ्यांना पॉलिश करणाऱ्या बाईने मला एक नंबर दिला. तिच्या भाच्याच्या वेळी शाळेने असंच हात वर केले होते, तेव्हा पालकांच्या एका संस्थेतून कोणीतरी आलं होतं आणि शाळेशी बोलायला सोबत बसलं होतं. मला वाटलं, वकील असणार. फोन उचलणारी म्हणाली, "मी वकील नाही हं. मीही आईच आहे. माझ्या मुलासाठी शाळेच्या पायऱ्या झिजवल्या, तेव्हा जे कळलं ते दुसऱ्यांना सांगते. आणि बैठकीला बरोबर येते." नानांनी तरीही तिचं नाव वकीलबाई ठेवलं आणि ते चिकटलं.

वकीलबाई शनिवारी दुपारी आल्या. पायात कॅनव्हासचे बूट, खांद्याला मोठी कापडी पिशवी, बोलणं इतकं सावकाश की मधल्या जागेत माझी दोन वाक्यं बसली असती. मी चहा दिला, त्यांनी तो थंड होऊ दिला.

"खारूला काय येत नाही ते सांगा," त्या म्हणाल्या.

मी सुरू झाले. किती हुशार आहे, सगळं पाठ कसं राहतं, हिशेब तोंडी कसे करते, नानांबरोबर नाटकातले संवाद कसे म्हणते. वकीलबाई मान डोलावत ऐकत राहिल्या.

"हे येतं. मी विचारलं, काय येत नाही?"

"अहो, येत नाही असं नाही, थोडं हळू..."

"बघा," त्या हसल्या. "सगळ्या आया हेच करतात. बाहेरच्या माणसापुढे मुलाची बाजू सावरून घेतात. शाळेत जाऊन कौतुक सांगतात आणि मदत मिळाली नाही की घरी येऊन रडतात. मदत कौतुकाला मिळत नसते."

मला राग आला. पाहुणी आहे, चहा माझा पितेय, पितही नाहीये, आणि मलाच सुनावतेय. पण रागाच्या खाली कुठेतरी मला ते लागलं होतं, कारण खरं होतं. मी कवळी बनवते तेव्हा जबड्यात कुठे दात नाही हे आधी बघते. माझ्या मुलीच्या बाबतीत मी ते बघायला तयार नव्हते.

"तिला वाचता येत नाही," मी म्हणाले. एवढं साधं वाक्य, पण आजवर मी ते घराबाहेरच्या कोणापुढे उच्चारलं नव्हतं.

"आता झालं सुरू," वकीलबाई म्हणाल्या. "बोलवा तिला. रोज वाचायला बसते तशीच बसू दे."

रोजची पद्धत ठरलेली. खारू जमिनीवर पुस्तक घेऊन, समोर नाना खुर्चीत, थोडे पुढे वाकून. मी एरवी ओट्याशी असते, पाठ त्यांच्याकडे. कानावर तिचं वाचन पडत असतं. तेव्हा मला वाटायचं, नानांपुढे बरं वाचते, त्यांच्या धाकाने असेल. माझ्यापुढे बसली की एक ओळ धड निघत नाही, तर तेही मी माझ्या आरडाओरड्यावर ढकललं होतं. शनिवारी मी पहिल्यांदा खुर्ची घेऊन बसले.

खारू वाचू लागली. धडा नवा होता, शाळेत अजून झाला नव्हता. तरी वाचत होती. अधूनमधून थांबत, पण चुकत नव्हती. मी वकीलबाईंकडे पाहिलं, म्हटलं, बघा, हेच तर कोडं आहे. त्या माझ्याकडे बघतच नव्हत्या. खारूकडेही नाही. खारू जिथे बघत होती तिथे बघत होत्या.

"नाना," त्या हळूच म्हणाल्या, "मला जरा प्यायला पाणी आणता का?"

"मी आणते की," मी उठू लागले.

"नानाच आणतील."

नाना उठून आत गेले. खारू वाक्याच्या मध्यावर थांबली. पुस्तक उघडंच होतं, बोट ओळीवर होतं. बोट पुढे सरकेना. तिने पट्टा तोंडात घातला आणि स्वयंपाकघराच्या दाराकडे बघत बसली. नाना पेला घेऊन आले, बसले, आणि ती जिथे थांबली होती तिथून पुढे सुरू झाली.

मग मलाही दिसलं. नानांचे ओठ हलत होते. उलटं पुस्तक ते समोरून वाचत होते, विंगेतल्या मिणमिणत्या उजेडात उभा जन्म काढलेली नजर ती, आणि एकेक शब्द ओठांवर ठेवत होते, आणि माझी मुलगी तो उचलत होती. पुस्तकाकडे ती बघत होती ते नुसतं रीत म्हणून. तिला अक्षरं वाचता येत नव्हती. नाना वाचता येत होते.

"नाना!" मी ओरडले.

ते दचकले. "काय झालं?"

"तुम्ही तिला सांगताय!"

"मी? मी कुठे काय बोललो?"

आणि हे ते खोटं बोलत नव्हते. त्यांना खरोखरच ठाऊक नव्हतं. वकीलबाईंनी समजावून सांगितलं तेव्हा त्यांनी हात ओठांवर नेला, जणू तिथे काही लागलंय की काय ते बघायला. मग म्हणाले, "असेल. समोरचा अडला की माझे ओठ हलतात. टीव्हीवर बातम्या देणारा अडखळला तरी हलतात. त्याला काय इलाज?"

"चाचणीच्या दिवशी?" मी विचारलं. "त्या बाईंच्या मागे बसून?"

नानांनी पुन्हा ओठ चाचपले. खारू म्हणाली, "त्या दिवशी नानांनी छान सांगितलं. एकदाच चुकले." तिला यात काही गैर वाटतच नव्हतं. तिच्या समजुतीप्रमाणे वाचणं म्हणजे हेच. सगळ्यांच्या समोर कोणीतरी बसलेलं असतं, फक्त शाळेत तिच्यासमोर कोणी बसत नाही.

मी नानांना नको ते बोलले. तुमच्या या खोडीपायी पोरीचं वर्ष जाणार, तिला लहान मुलांत बसवणार, असं बरंच. नाना ऐकून घेत राहिले. मग एवढंच म्हणाले, "अडलेल्या माणसाला तसंच उभं ठेवायचं होय? सगळ्यांच्या देखत? आपल्याच नातीला?"

उत्तर वकीलबाईंनी दिलं. "नाना, नटाला नाटक पाठ असतं. एखादा शब्द निसटतो, तो तुम्ही देता. हिला अख्खं नाटकच तुम्ही देताय. तुम्ही नसाल तेव्हा हिने काय करायचं?"

नाना त्या रात्री जेवले, पण माझ्याशी बोलले नाहीत. मीही बोलले नाही. दोघांनीही खारूच्या मार्फत मीठ मागितलं.

आता प्रश्न असा होता की शाळेत सांगायचं काय. शाळेचा नियम, चाचणी वर्षातून एकदा. पुन्हा हवी तर पहिलीत काय चुकलं ते सांगायला हवं, आणि ते सांगायचं म्हणजे नानांचं नाव घ्यायला हवं. फोनवर खारूचा बाबा म्हणाला, "नानांना यात ओढू नका, त्यांना सोसणार नाही. लॉटरी लागल्यासारखी पास झालीये, राहू दे." मी म्हटलं, तू शिडीवरच बस. वकीलबाईंनी मात्र कोणालाच ढकललं नाही. म्हणाल्या, बैठक मी मागून घेते, आत काय बोलायचं ते तुम्ही घरात ठरवा. तुमच्या तोंडचं मी बोलणार नाही. तुम्ही बोलाल ते कोणी अर्ध्यावर तोडणार नाही, एवढं मी बघते.

बैठकीच्या सकाळी मी चपला घालत होते, तर नाना इस्त्रीचा सदरा घालून दाराशी उभे. "चला," म्हणाले. मला नाही, दाराला म्हणाले.

मुख्याध्यापिकांच्या खोलीत गोल टेबल होतं, त्यावर प्लास्टिकची फुलं. एका बाजूला मुख्याध्यापिका आणि सर, दुसऱ्या बाजूला आम्ही तिघं. मुख्याध्यापिकांनी सुरुवातीलाच सांगितलं की निकाल चांगला आलाय, पालक सहसा यावर तक्रार करत नाहीत. सर हसले. मीही सवयीने हसले आणि लगेच स्वतःवर चिडले.

"मुलीची आई आधी बोलतील," वकीलबाई म्हणाल्या.

"माझ्या मुलीला वाचता येत नाही," मी म्हणाले. दुसऱ्यांदा म्हणताना ते जरा सोपं गेलं. "पाठ्यपुस्तकातली ओळ वाचता येत नाही. पाटी वाचता येत नाही. सकाळी शाळेचं नाव काढलं की तिच्या पोटात दुखतं, आणि ते सोंग नसतं. वाचून दाखवलं तर सगळं कळतं. चाचणीत जे दिसलं ते तिचं वाचन नव्हतं."

"मग कोणाचं होतं?" मुख्याध्यापिकांनी विचारलं.

नाना उठून उभे राहिले. बसून बोलले असते तरी चाललं असतं, पण ते उभे राहिले. खुर्चीची पाठ धरली. तोंड उघडलं. आणि आवाजच येईना. ओठ हलत होते, स्पष्ट, एकेक अक्षर सुटं, पण खोलीत काही ऐकू येत नव्हतं. सर पुढे वाकले. मुख्याध्यापिकांनी पंख्याकडे पाहिलं. मला नानांची दया आली. जन्मभर दुसऱ्याला शब्द देणाऱ्या माणसाला स्वतःचं वाक्य बोलायची वेळ आली होती, आणि ते सुद्धा असलं.

"माझे ओठ," मी हळूच म्हणाले.

"माझे ओठ हलत होते," नाना म्हणाले, आणि मग सगळं बाहेर आलं. ते कोण, काय काम करायचे, त्या दिवशी कुठे बसले होते, बाईंच्या खांद्यावरून पान कसं दिसत होतं. "मी मुद्दाम केलं नाही. पण केलं मी. मुलीने माझ्या ओठांवरून वाचलं. तिचा निकाल धरू नका."

सर हसायच्या बेतात होते, त्यांनी ते गिळलं. मुख्याध्यापिका मात्र ताठ झाल्या. "म्हणजे शाळेची फसवणूक झाली असं म्हणायचं का आम्ही?"

मी उसळणार होते. वकीलबाई माझ्या आधी बोलल्या, त्याच संथ आवाजात. "फसवणूक करणारा माणूस काहीतरी मिळावं म्हणून करतो, मॅडम. यांनी मदत मिळू नये अशी केली. अशी फसवणूक तुम्ही आधी कधी पाहिलीत का?"

मुख्याध्यापिकांनी समोरचा निकालाचा कागद पुन्हा उचलला.

"चाचणी तर झालीच," वकीलबाई पुढे म्हणाल्या. "ती नानांची झाली. वयाच्या मानाने त्यांचं वाचन उत्तम आहे. मुलीची अजून व्हायची आहे. वर्षातून एकदा म्हणता ना, ती एकदा आम्हाला द्या."

यावर सर खरंच हसले. आणि मग, मला त्यांचं आश्चर्य वाटलं, तेच मुख्याध्यापिकांना म्हणाले, "मॅडम, वर्गात ती फळ्याकडे बघतच नाही. माझ्या तोंडाकडे बघत असते. मला वाटायचं, उद्धटपणा करतेय." असं म्हणून ते टेबलावरच्या फुलांकडे बघत राहिले. दुसऱ्या चाचणीला होकार मिळाला.

बाहेर आल्यावर वकीलबाई मला म्हणाल्या, "नाना अडले तेव्हा तुम्ही शब्द दिलात."

"द्यायला नको होता?"

"दिलात ते बरं केलंत. पण तुमच्या घराला खोडच आहे ही." त्या इतक्या मोकळेपणाने हसल्या की नानाही हसले, आणि माझ्याशी बोलायला लागले. पहिलं वाक्य, "घरी जाताना बिस्किटं घ्यायची आहेत."

निकाल सांगून टाकते, मला ताणून धरता येत नाही. खारूला सगळं मिळालं. रोजचा तास मिळाला, प्रश्न वाचून दाखवणारी व्यक्ती मिळाली, तोंडी उत्तरांची परवानगी मिळाली, आणि तिला पुढच्या वर्गात घेतलं. विशेष शिक्षिका म्हणतात, वेळ लागेल, कदाचित बराच लागेल, पण अक्षरं ओळखू लागेल. हे सगळं चांगलंच झालं. पण मला सांगायचंय ते त्या दुसऱ्या चाचणीच्या खोलीतलं.

त्या आधीचे दिवस आम्ही तिची काहीच तयारी करून घेतली नाही. वकीलबाईंची तशी ताकीद होती. मी खारूला फक्त एवढं सांगितलं की या वेळी नाना सांगणार नाहीत. ती म्हणाली, "का? रागावलेत?" मी म्हटलं, नाही गं, त्या बाईंना तू कशी वाचतेस ते बघायचंय. तिने विचार केला आणि म्हणाली, "पण मी वाचत नाहीच." मी म्हटलं, तेच बघू दे.

नाना बाहेरच थांबणार होते. पण दाराशी आल्यावर खारूने पुन्हा चौकट धरली. नाना हवेत, समोर हवेत. चाचणीच्या बाई घड्याळ बघू लागल्या. मी नानांकडे पाहिलं. नानांनी माझ्या हातातली पाण्याची बाटली घेतली, मोठा घोट तोंडात घेतला, आणि तो न गिळता, गाल फुगवून, आत जाऊन बाईंच्या मागच्या खुर्चीत बसले. मूग गिळून गप्प बसणारे पुष्कळ पाहिलेत. पाणी न गिळता बसलेला माणूस मी पहिल्यांदा पाहिला. बाईंना वाटलं असेल, म्हाताऱ्याची दाढ दुखतेय. मी दाराजवळच्या स्टुलावर बसले. वकीलबाई बाहेर थांबल्या, त्यांना आत यायची परवानगी नव्हती.

बाईंनी पान पुढे ठेवलं. "वाच हं, बाळ."

खारूने बोट पहिल्या ओळीवर ठेवलं आणि नानांकडे पाहिलं. नानांचे गाल फुगलेले, ओठ घट्ट मिटलेले. ती थांबली. पुन्हा पानाकडे पाहिलं, पुन्हा नानांकडे. ती त्यांची वाट बघत होती, बस यायची वाट बघावी तशी, येणारच या खात्रीने. बाहेरच्या मैदानातून मुलांचा आवाज येत होता. नानांच्या डोळ्यांत पाणी आलं आणि खाली सदऱ्यावर पडलं, पण तोंडातलं त्यांनी सांडू दिलं नाही. मला पहिला शब्द दिसत होता. लांबून दिसत होता, मोठ्या अक्षरांत होता. माझे ओठ शिवशिवू लागले. मी ते दातांखाली धरले. तिला हाक मारावी, उचलून घ्यावं, घरी न्यावं, काय हवं ते म्हणा, असं मला वाटत होतं. पोटच्या पोरीला असं सगळ्यांच्या देखत अडकू द्यायचं आणि बघत बसायचं, याला मदत म्हणायचं, हे माझ्या जिवाला पटत नव्हतं.

खारूने पट्टा तोंडात घातला. बराच वेळ चघळला. मग काढला.

"मला हे येत नाही," ती बाईंना म्हणाली. रडत नव्हती. दुकानात जाऊन एखादी वस्तू मागावी तसा आवाज होता. "ही अक्षरं मला सापडत नाहीत. तुम्ही वाचून दाखवा ना. मग मी सगळं सांगते."

बाईंनी माझ्याकडे पाहिलं, नानांकडे पाहिलं. मग पान स्वतःकडे वळवलं आणि वाचू लागल्या. खारूने त्यांच्या ओठांकडे बघितलं नाही. नानांकडेही नाही. तिने डोळे मिटून घेतले आणि ऐकू लागली.